एक थोर, एक बंडखोर

हेड्रियन या रोमन सम्राटाच्या एका नाण्यावर हिस्पानिया हा प्रांत बाईच्या रूपात रेलून बसला आहे. तिच्या हातात ऑलिव्हची डहाळी आहे आणि पायाशी ससा. डहाळीचं कारण उघड आहे. दक्षिण स्पेनचं तेल रोमच्या स्वयंपाकघरातही होतं आणि दिव्यातही. सशाचं कारण गमतीचं आहे. तिकडे सशांचा एवढा सुळसुळाट होता की बॅलिआरिक बेटांवरच्या लोकांनी ऑगस्टसकडे सशांच्या बंदोबस्तासाठी चक्क फौज मागितली, असं प्लिनीने लिहून ठेवलं आहे. हे नाणं पाडून घेणाऱ्या हेड्रियनचं घराणं त्याच मातीतलं. तरुणपणी सिनेटमध्ये सम्राटाचं भाषण वाचून दाखवताना त्याच्या गावंढळ उच्चारांना लोक हसले होते. पुढे तो स्वतःच सम्राट झाला आणि हसणाऱ्यांची पंचाईत झाली.

स्पेनने रोमला सम्राट दिले ते दोन वेगळ्या हप्त्यांत. पहिला हप्ता सगळ्यांना ठाऊक असतो. आजच्या सेव्हिलजवळ इटालिका नावाचं गाव होतं. स्किपिओने इसवी सनपूर्व २०६ मध्ये जखमी सैनिकांना तिथे वसवलं. त्या वसाहतीतून तीनशे वर्षांनी ट्रेजन निघाला. इ.स. ९८ मध्ये तो गादीवर आला. इटलीबाहेर जन्मलेल्या माणसाने रोमवर असं निर्वेध राज्य करावं, हे नवलच होतं. त्याच्यामागून ११७ मध्ये त्याच्या नात्यातला हेड्रियन आला. पुढच्या मार्कस ऑरेलियसचं पितृकुळही कोर्दोबाजवळच्या उकुबी गावचं. या मंडळींच्या मागे तेलाचा पैसा होता. तो किती, हे पाहायचं तर रोममधली मोन्ते तेस्ताच्चो ही टेकडी पाहावी. ती निव्वळ फुटक्या रांजणांची आहे, उंची पस्तीसेक मीटर, आणि त्यातले बहुतेक रांजण स्पेनहून तेल घेऊन आलेले.

ट्रेजनच्या बाबतीत आपल्याकडची एक आठवण सांगायला हवी. पार्थियावरच्या स्वारीत ११६ मध्ये तो इराणच्या आखातापर्यंत पोचला. तिथे त्याला भारताकडे निघालेलं एक जहाज दिसलं. वय आड आलं नसतं तर मीही तिकडे गेलो असतो, असं तो म्हणाला, ही इतिहासकार कॅसिअस डिओची नोंद. ते जहाज भडोचला जाणार होतं की सोपाऱ्याला की आणखी कुठे, ते डिओने विचारलं नाही.

पण मला बोलायचं आहे ते दुसऱ्या हप्त्याबद्दल, चौथ्या शतकातल्या. या हप्त्यात तेलाचा पैसा नाही, तालेवार शहरं नाहीत. आहेत ती लष्करी घराणी, मोठमोठ्या जमिनी आणि सरहद्दीवरच्या छावण्या. आणि यात एकाच मोहिमेत घडलेले, एकाच प्रांतातले दोन सम्राट एकमेकांसमोर उभे ठाकले. त्यातला एक इतिहासात थोर ठरला आणि दुसरा बंडखोर. दोघांची नाणी मात्र आजही संग्राहकाच्या एकाच खणात शेजारी शेजारी पडून असतात, आणि ती इतिहासकारांपेक्षा जास्त सरळ बोलतात.

थिओडोसियसचा जन्म ३४७ चा. गाव बहुधा कौका, म्हणजे सेगोव्हियाच्या पठारावरचं आजचं कोका. त्याच्या बापाचंही नाव थिओडोसियसच. हा बाप फार कर्तबगार सेनानी होता. ३६७ मध्ये ब्रिटनवर एकाच वेळी चहूबाजूंनी हल्ले झाले. उत्तरेकडून पिक्ट, समुद्रावरून सॅक्सन, पश्चिमेकडून स्कॉट आले आणि तटावरचे रोमन टेहळे फितूर झाले. प्रांत हातचा जायची वेळ आली तेव्हा बापाला तिकडे धाडलं गेलं. त्याने लंडन सोडवलं आणि प्रांत पुन्हा मार्गी लावला. या मोहिमेत त्याच्यासोबत दोन तरुण होते. एक त्याचा मुलगा. दुसरा मॅग्नस मॅक्सिमस, तोही स्पेनचाच. मॅक्सिमस स्वतःला थिओडोसियसच्या घराण्याचा नातलग म्हणवायचा. नातं खरं होतं की नुसतं मिरवायचं होतं, हे ज्याने त्याने आपापल्या सोयीने ठरवलं.

बापाचा शेवट वाईट झाला. आफ्रिकेतलं फिर्मसचं बंड मोडून काढल्यावर बक्षीस मिळायच्या ऐवजी कार्थेजमध्ये त्याचा शिरच्छेद झाला. त्याचा गुन्हा कोणीच धड लिहून ठेवलेला नाही. व्हॅलेंटिनियन सम्राट नुकताच मेला होता, दरबारात नवी माणसं आली होती आणि जुन्या बाजूचा यशस्वी सेनापती कुणालाच नको होता, एवढं त्यातून कळतं. मुलाने शहाणपणा केला. हुद्दा सोडून तो गावी परतला, शेती पाहू लागला. फ्लाचिल्ला नावाच्या स्पॅनिश मुलीशी त्याचं लग्न झालं, मुलगा झाला. सगळं असंच चालत राहिलं असतं तर आज त्याचं नाव कोणाला माहीत नसतं.

पण ९ ऑगस्ट ३७८ ला एड्रियानोपलच्या मैदानावर गॉथांनी पूर्वेचा सम्राट व्हॅलेन्स याच्यासकट त्याचं अर्धंअधिक सैन्य कापून काढलं. व्हॅलेन्सचं प्रेतसुद्धा सापडलं नाही. पश्चिमेचा सम्राट ग्रेशियन तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याला पूर्वेसाठी तातडीने माणूस हवा होता. ज्याच्या बापाला आपल्याच नावाने मारलं गेलं, त्याच थिओडोसियसला त्याने स्पेनहून बोलावून घेतलं. १९ जानेवारी ३७९ रोजी सिर्मियममध्ये थिओडोसियसच्या अंगावर सम्राटाची जांभळी वस्त्रं चढली.

इकडे मॅक्सिमस ब्रिटनच्या फौजेचा सेनापती झाला होता. झोसिमस हा इतिहासकार त्याच्या मनातली गोष्ट अगदी भाऊबंदकीच्या सुरात सांगतो. आपल्याबरोबर ब्रिटनमध्ये चाकरी केलेला थिओडोसियस सम्राट होतो आणि आपल्याला साधा मानाचा हुद्दाही मिळत नाही, ही सल त्याला खात होती. ३८३ मध्ये सैनिकांनी त्याला सम्राट म्हणून घोषित केलं. सैनिकांचा राग मुळात ग्रेशियनवर होता. आपल्या जुन्या शिपायांना डावलून ग्रेशियन अलानी अंगरक्षकांचे लाड करायचा, त्यांच्यासारखा पोशाख करून हिंडायचा. मॅक्सिमस खाडी ओलांडून गॉलमध्ये उतरला. पॅरिसजवळ दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. फारशी लढाई झालीच नाही, कारण ग्रेशियनची माणसं तुकडीतुकडीने पलीकडे गेली. तो थोड्या घोडेस्वारांनिशी पळाला आणि २५ ऑगस्टला लियाँमध्ये मॅक्सिमसचा सरदार अँड्रागाथियस याच्या हातून मारला गेला.

आता थिओडोसियसची अडचण पाहा. मेला तो ज्याने आपल्याला गादी दिली तो. मारणारा आपल्याच मुलखातला, बापाच्या हाताखाली वाढलेला, नातलग म्हणवणारा. दारात गॉथ होते. ३८२ मध्ये त्यांच्याशी तह करून त्यांना साम्राज्याच्या आतच जमीन द्यावी लागली होती. पलीकडे इराणची सरहद्द होती. सूड घ्यायला सैन्य नव्हतं आणि बहुधा तेवढी इच्छाही नव्हती. त्याने वेळ काढला. पुढे त्याचा अधिकारी कायनेगियस इजिप्तला गेला तेव्हा अलेक्झांड्रियात मॅक्सिमसची प्रतिमा लोकांपुढे मांडून हा आपला सहसम्राट आहे असं जाहीर करायचा हुकूम त्याच्याकडे होता. हा कायनेगियसही स्पेनशी बांधलेला. तो मेल्यावर वर्षभराने त्याच्या बायकोने त्याचं शव कॉन्स्टँटिनोपलहून पायी स्पेनला नेलं, अशी नोंद एका इतिवृत्तात आहे. थिओडोसियसच्या दरबारात स्पेनच्या माणसांचा असा गोतावळाच होता. राज्याभिषेकानंतर आपल्या माणसांना जवळ ओढायचं, हे काही रोमनांचंच वैशिष्ट्य नव्हे.

मॅक्सिमसने ट्रियरला राजधानी केली आणि टाकसाळी सुरू ठेवल्या. ट्रियर, लियाँ, आर्ल आणि पुढे इटलीतल्याही. एक टाकसाळ त्याने नव्याने जागी केली, ती लंडनची. कॉन्स्टंटाईनच्या काळात, ३२५ च्या सुमारास ती बंद पडली होती. लंडनचं तेव्हाचं मानाचं नाव होतं ऑगस्टा, म्हणून तिथल्या नाण्यांवर खाली त्याच नावाची पहिली तीन अक्षरं येतात. लंडनचं मॅक्सिमसचं सोन्याचं नाणं इतकं दुर्मीळ आहे की ते संग्रहालयातच पाहायचं.

त्याच्या नाण्यांकडे जवळून पाहू. पुढच्या बाजूला मोत्यांची दुहेरी पट्टी बांधलेलं डोकं, तोंड उजवीकडे, खांद्यावर झग्याची घडी आणि कडेने लेख: ‘आमचा धनी मॅग्नस मॅक्सिमस, धर्मनिष्ठ, भाग्यवान, ऑगस्टस’. शेवटचं ‘ऑगस्टस’ हे सम्राटाचं पद. हेच सगळं ग्रेशियनच्या नाण्यावर आहे आणि थिओडोसियसच्याही. बदललं ते फक्त नाव. या काळच्या ठसेकारांना चेहऱ्याशी फारसं घेणंदेणं नव्हतं. ट्रेजनच्या नाण्यावर त्याचे अरुंद कपाळपट्टीवर ओढलेले केस आणि घट्ट मिटलेले ओठ ओळखू येतात. तीनशे वर्षांनंतर नाण्यावर माणूस नसतोच, हुद्दा असतो. डोळा मोठा, नजर वर, हनुवटी गुळगुळीत.

मॅक्सिमसच्या मध्यम आकाराच्या तांब्याच्या नाण्यावर मागच्या बाजूला एक देखावा आहे. डोक्यावर बुरुजांचा मुकुट घातलेली एक बाई गुडघे टेकून बसली आहे, सम्राट तिला हात देऊन उठवतो आहे आणि त्याच्या दुसऱ्या हातात विजयदेवता आहे. लेख आहे ‘राज्याची पुनर्घडण’. हा देखावा त्याचा नाही. ज्या ग्रेशियनला त्याने उखडलं, त्याच्याच नाण्यांवरून तो जसाच्या तसा पुढे चालू राहिला. बाई तीच, गुडघे टेकलेले तेच, फक्त उठवणारा बदलला. बंड करणाऱ्याला नवं काही सांगायचं नसतं. काहीच बदललेलं नाही, हेच त्याला लोकांना पटवायचं असतं, आणि त्यासाठी रोजच्या हाताळणीतल्या नाण्याइतकं सोयीचं साधन दुसरं कुठलं?

सोन्याच्या नाण्यावर मात्र राजकारण आहे. ट्रियरच्या एका नाण्याच्या मागच्या बाजूला दोन सम्राट एकाच आसनावर शेजारी बसले आहेत आणि पृथ्वीचा एकच गोल दोघांनी मिळून धरला आहे. वर मधोमध पंख पसरलेली विजयदेवता. लेखात ‘सम्राटांचा विजय’ असं आहे आणि ‘सम्राट’ या शब्दाच्या संक्षेपात ‘ग’ हे अक्षर दोनदा आलं आहे. त्या काळचा रिवाज असा की गादीवर जितके सम्राट, तितके ‘ग’. गंमत अशी की तेव्हा साम्राज्यात सम्राट दोनपेक्षा जास्त होते. मिलानला ग्रेशियनचा सावत्र भाऊ, दुसरा व्हॅलेंटिनियन हा पोरसवदा सम्राट आईच्या पदराआडून राज्य करत होता, आणि थिओडोसियसने आपल्या लहानग्या मुलाला, आर्केडियसला, ३८३ मध्येच सम्राटपद दिलं होतं. मग नाण्यावरचा तो दुसरा कोण? थिओडोसियस, असं मानायला भरपूर जागा आहे. म्हणजे ट्रियरमधून पूर्वेकडे निरोप चालला होता की तू आणि मी, स्पेनचे दोघं, बाकीच्यांना विसरू. हा निरोप सोन्यात होता, साडेचार ग्रॅमच्या चकतीवर.

मॅक्सिमसच्या कारकिर्दीतली एक घटना नाण्यांवर कुठेच नाही, पण टाळता येत नाही. प्रिसिलियन नावाचा आविलाचा बिशप, तोही स्पेनचाच, कडक संन्यस्त वृत्तीचा होता. दुसऱ्या बिशपांनी त्याच्यावर पाखंडाचे आणि जादूटोण्याचे आरोप केले. खटला ट्रियरला सम्राटापुढे आला. तूरचा मार्टिन हा संत म्हणून गाजलेला माणूस विनवण्या करत राहिला की धर्माच्या वादात तलवार आणू नका. मॅक्सिमसने आधी शब्द दिला आणि मग मोडला. ३८५ च्या सुमारास प्रिसिलियनचं डोकं उडवलं गेलं. ख्रिस्ती राज्यसत्तेने पाखंडावरून दिलेली ही पहिली मोठी देहदंडाची शिक्षा मानतात. आपली सनातनी निष्ठा थिओडोसियसपेक्षा काकणभर सरस आहे हे मॅक्सिमसला दाखवायचं होतं, असं मला वाटतं. स्पर्धा तीच होती.

३८७ मध्ये त्याचा तोल गेला. आल्प्स ओलांडून तो इटलीत घुसला. व्हॅलेंटिनियन, त्याची आई जस्टिना आणि बहीण गाला जहाजात बसून थेसालोनिकीला थिओडोसियसकडे पळाले. फ्लाचिल्ला वर्षभरापूर्वी वारली होती. जस्टिनाने देखण्या गालाला पुढे करून थिओडोसियसकडून युद्धाचा शब्द काढला, असं झोसिमस म्हणतो. झोसिमसला थिओडोसियसबद्दल चांगलं असं काही लिहायचंच नव्हतं, तेव्हा यातलं अर्धं सोडून द्यावं. लग्न झालं हे खरं, आणि युद्धही झालं. पोरका मेहुणा आता घरात आला होता आणि आल्प्सच्या पूर्वेकडची वाट मॅक्सिमसच्या हातात पडत होती. एवढं कारण पुरेसं होतं.

याच सुमाराची एक वस्तू आज माद्रिदच्या इतिहास अकादमीत आहे. १८४७ मध्ये मेरिदाजवळच्या अल्मेंद्रालेहो गावात शेतमजुराच्या अवजाराला लागलेलं ते चांदीचं ताट आहे. व्यास ७४ सेंटिमीटर, वजन पंधरा किलोच्या आसपास. ताटाच्या बुडाखाली त्याचं वजन ग्रीक अक्षरांत कोरलं आहे. थिओडोसियसच्या राज्याला दहावं वर्ष लागलं त्या सोहळ्यासाठी, म्हणजे १९ जानेवारी ३८८ साठी ते घडवलं. मधोमध कमानीखाली थिओडोसियस बसला आहे, बाकी सगळ्यांपेक्षा मोठा. दोन बाजूंना दोन लहान सम्राट, व्हॅलेंटिनियन आणि आर्केडियस. सम्राट समोरच्या अधिकाऱ्याच्या हातात नेमणुकीचं पत्र देतो आहे. पायाखाली भूमाता कणसं घेऊन रेलली आहे. मॅक्सिमस नाही. दोन वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियात ज्याची प्रतिमा मिरवली होती, त्याला या ताटावर बोटभर जागा नाही. ताट स्पेनमध्ये कसं पोचलं हे त्यावर लिहिलेलं नाही, पण पंधरा किलो चांदीची भेट कोणा सोम्यागोम्याला जात नाही. जमिनीत ते दुमडलेलं सापडलं. कोणी तरी त्याला मोड म्हणून पाहिलं होतं.

त्या उन्हाळ्यात थिओडोसियस निघाला. सिस्किया आणि पोएटोव्हिओ इथे मॅक्सिमसच्या फौजा हरल्या. अँड्रागाथियस समुद्रावर वाट अडवून बसला होता. शत्रू जमिनीवरून आला हे कळल्यावर त्याने स्वतःला समुद्रात झोकून दिलं. २८ ऑगस्ट ३८८ ला अक्विलेयाजवळ मॅक्सिमस मारला गेला. त्याने आपल्या व्हिक्टर या मुलालाही सम्राट केलं होतं. तो गॉलमध्ये राहिला होता, त्यालाही संपवलं. व्हिक्टरची नाणी फक्त त्याच्या या छोट्या कारकिर्दीतली. त्यातलं सगळ्यात लहान नाणं म्हणजे छावणीचं दार, दोन बुरूज आणि मध्ये चांदणी. लेख आहे ‘रोमकरांची आशा’.

मग सुरू झाली सारवासारव. मॅक्सिमसच्या काळातले निवाडे आणि नेमणुका रद्द, असा कायदा निघाला. सिमाकस या बड्या सिनेटरने मॅक्सिमसचं स्तुतिपर भाषण केलं होतं. त्याला आता माफीनामा लिहावा लागला. ३८९ मध्ये थिओडोसियस रोमला आला तेव्हा पकाटस हा गॉलचा वक्ता उभा राहिला. त्याने मॅक्सिमसला थिओडोसियसच्या घरातला कोपऱ्यात पडलेला, नोकरांच्या पंक्तीतला पोऱ्या म्हटलं आणि तो तुमच्या नात्याच्या बढाया मारायचा म्हणून त्याची टिंगलही केली. सिनेटमध्ये तेव्हा हशा आणि टाळ्या झाल्या असतील. पण मिलानचा बिशप अ‍ॅम्ब्रोज याच्या एका पत्रात वेगळंच दिसतं. थिओडोसियसने मेलेल्या शत्रूच्या मुली एका नातेवाइकाकडे वाढवायला दिल्या आणि त्याच्या म्हाताऱ्या आईला आपल्या खजिन्यातून पैसे पाठवले. नोकराच्या आईसाठी सम्राट खजिना उघडत नाही.

‘थोर’ हे बिरूद थिओडोसियसला मागाहून चिकटलं, मुख्यतः चर्चच्या लेखकांनी दिलेलं. ख्रिस्ती धर्मातल्या नायकियाच्या पंथाला त्याने राजमान्यता दिली, देवळांतले यज्ञ बंद केले. ३९० मध्ये थेसालोनिकीत त्याच्या सेनापतीला लोकांनी मारलं म्हणून त्याने सैन्य सोडलं आणि हजारो माणसं कापली गेली. त्यासाठी अ‍ॅम्ब्रोजपुढे त्याने जाहीर प्रायश्चित्त घेतलं आणि ते प्रायश्चित्तही पुढे थोरवीच्याच खात्यात जमा झालं. मॅक्सिमसनेही तोच पंथ पाळला होता, तीच कडवी निष्ठा दाखवली होती. तो हरला, एवढाच फरक.

नाण्यांना हा निकाल माहीत नसतो. म्हणूनच ती गोळा करायला मजा येते. या काळातल्या तांब्याच्या नाण्यांची खरी नावंही आता नीट सांगता येत नाहीत. म्हणून संग्राहक त्यांना व्यासावरून एक ते चार असे क्रमांक देतात. चार नंबर सगळ्यात लहान, शर्टाच्या बटणाएवढं, वजन ग्रॅमच्या आसपास. थिओडोसियसचं चार नंबरचं नाणं ढिगांनी मिळतं. बाल्कनमधून आणि पूर्वेकडून आलेली, मातीचा थर तसाच असलेली नाणी मोडीच्या भावात विकली जातात आणि त्यात हमखास एखादं निघतं. मागच्या बाजूला विजयदेवता खांद्यावर जयचिन्ह घेऊन चालली आहे, दुसऱ्या हाताने एका कैद्याला केसाला धरून फरफटत नेते आहे, बाजूला ख्रिस्ताची खूण. ‘राज्याचं क्षेम’ असा लेख. मॅक्सिमसच्या पाडावानंतर, ३८८ पासून, हा छाप पूर्वेपश्चिमेच्या टाकसाळींतून सुरू झाला. तो कैदी गॉथ म्हणावा, इराणी म्हणावा की आणखी कोणी, हे ज्याने त्याने ठरवावं.

साफसफाईचं काम चिकाटीचं. नाणं शुद्ध केलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे भिजत ठेवायचं, पाणी बदलत राहायचं, मग दात कोरायच्या काडीने भिंगाखाली माती सोडवायची. आम्ल किंवा तारेचा ब्रश लावला की वरचा हिरवट-काळा थर जातो आणि त्याबरोबर अक्षरंही. नाणं चकाकतं आणि मरतं. माती सुटत गेली की आधी डोक्याची पट्टी दिसते, मग डोळा, मग लेखातली दोन-तीन अक्षरं. शेवटी नजर जाते ती तळाशी, टाकसाळीच्या खुणेकडे, कारण नाणं अँटिऑकचं की आर्लचं ते तिथेच कळतं. आर्लला तेव्हा कॉन्स्टंटिना म्हणत, त्यामुळे तिथली खूण कॉन्स्टँटिनोपलच्या खुणेशी गोंधळते आणि नवशिके फसतात. सोन्याच्या नाण्यावर तळाशी ‘ओब’ अशी दोन अक्षरं दिसतील. ती शुद्ध सोन्याची खूण, आणि ग्रीक आकड्यांत वाचली तर बहात्तर. एका रोमन पौंडात बहात्तर नाणी बसत.

बिनमातीची, ओळख पटलेली मॅक्सिमसची नाणी थिओडोसियसच्या खुर्द्यापेक्षा महाग पडतात. कारण साधं आहे, पाच वर्षांचं राज्य आणि निम्म्याच मुलखातल्या टाकसाळी. बाजारात बंडखोराला भाव जास्त. खोटी नाणीही त्यामुळे त्याचीच जास्त निघतात. आणि मातीसकट विकलेल्या त्या ढिगांबद्दल मनात खुपत राहतंच. ते नाणं कोणत्या शेतात, कोणत्या भिंतीखाली, कशाच्या शेजारी होतं, हे कायमचं गेलेलं असतं. उरतो तो फक्त राजा.

याच काळातली चार नंबरची नाणी तमिळनाडूत करूर आणि मदुरैच्या भागात आणि श्रीलंकेत भरपूर सापडतात, थिओडोसियस आणि त्याचे मुलगे आर्केडियस व होनोरियस यांच्या नावांची. श्रीलंकेत तर त्यांच्या नकलाही पाडल्या गेल्या, अक्षरं नुसत्या रेघोट्या झालेल्या. लाल समुद्राच्या वाटेने आलेली ही चिल्लर बाजारात चिल्लर म्हणूनच चालली. नाण्यावरचा राजा थोर की कसा, याची कुणी चौकशी केली नसणार.

ब्रिटनमध्ये त्याहून चांगला पुरावा आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सन गावी एक माणूस शेतात हरवलेला हातोडा शोधायला धातुशोधक यंत्र घेऊन गेला. हातोडाही सापडला, पण त्याआधी सोन्याचांदीची सुमारे पंधरा हजार नाणी सापडली, त्यातली चौदा हजारांवर चांदीची. शेवटची नाणी ४०७-४०८ ची. म्हणजे मॅक्सिमसला मरून वीस वर्षं झाली होती, त्याचे निवाडे रद्द झाले होते, तरी त्याची चांदी थिओडोसियसच्या चांदीबरोबर त्याच पेटीत होती. जवळजवळ सगळ्या चांदीच्या नाण्यांच्या कडा कातरलेल्या आहेत. ती चांदी वितळवून कोणी तरी नकली नाणी पाडली. कातरणाऱ्याने लेख कापला, नाव अर्धं केलं, पण चेहऱ्याला कात्री लावली नाही. थिओडोसियसच्या चेहऱ्यालाही नाही आणि मॅक्सिमसच्याही नाही.

वेल्समध्ये तर मॅक्सिमस थोरच ठरला. तिथे तो माक्सेन व्लेदिग. मध्ययुगीन कथेत तो स्वप्नातल्या राजकन्येच्या शोधात ब्रिटनला येतो. वेल्सच्या एका राजघराण्याने नवव्या शतकात उभारलेल्या दगडी स्तंभावर आपली वंशावळ त्याच्यापर्यंत नेऊन भिडवली. डाविथ इवान या वेल्श गायकाच्या एका गाण्यात तो आहे आणि ते गाणं आता फुटबॉलच्या मैदानात हजारो लोक गातात. त्याचा स्पॅनिशपणा तिकडे कोणाला आठवत नाही.

थिओडोसियस १७ जानेवारी ३९५ ला मिलानला वारला. दोन मुलगे, दोन राजधान्या. चौदा वर्षांत स्पेनवर वँडल, अलान आणि सुएब टोळ्या उतरल्या. त्याआधी पिरेनीजच्या घाटात डिडिमस आणि व्हेरिनियन या थिओडोसियसच्या दोन नातलगांनी आपल्या शेतावरची कुळं आणि गुलाम घेऊन गॉलच्या नव्या बंडखोराला अडवायचा प्रयत्न केला. दोघं पकडले गेले आणि मारले गेले. मग ४०९ मध्ये गेरोन्शियस या सेनापतीने स्पेनमध्येच एक सम्राट उभा केला. त्याचंही नाव मॅक्सिमस. बार्सिलोनाला त्याच्यासाठी टाकसाळ सुरू झाली, तिथली चांदीची नाणी मिळाली आहेत. त्यांच्यावर ‘ग’ तीन आहेत. इतर सम्राटांशी आपलं जमतं असं यानेही नाण्यावर सांगितलं. दोन वर्षांत त्याचं राज्य संपलं.

बार्सिलोनालाच काही वर्षांनी थिओडोसियस आणि गाला यांची मुलगी गाला प्लासिडिया गॉथ राजा अथौल्फची राणी म्हणून राहिली. तिला मुलगा झाला. आजोबांचं नाव ठेवलं, थिओडोसियस. पोर जगलं नाही. त्याला चांदीच्या पेटीत घालून शहराबाहेरच्या प्रार्थनाघरात पुरलं. ४५० मध्ये, म्हातारपणी, प्लासिडियाने ते अवशेष रोमला आणवून संत पीटरच्या चर्चजवळच्या राजघराण्याच्या समाधीत ठेवले.

१४५८ च्या जूनमध्ये त्याच ठिकाणी खोदताना संगमरवराची एक शवपेटी लागली. आत चांदीने मढवलेल्या दोन पेट्या होत्या, एक मोठी, एक लहान, आणि शवांवर सोन्याच्या जरीची वस्त्रं. लोक म्हणाले हा कॉन्स्टंटाईन आणि त्याचा मुलगा. आजचे अभ्यासक प्लासिडिया आणि तिच्या त्या बाळाचं नाव घेतात. तेव्हाच्या एका इतिवृत्तकाराने लिहिलं आहे की पोपने ते सगळं टाकसाळीत पाठवून दिलं आणि नुसत्या वस्त्रांतलं सोनं हजार डुकाटांचं भरलं. पोप होता तिसरा कॅलिक्स्टस, बोर्जा घराण्यातला, वॅलेन्सियाजवळच्या शातिव्हाकडचा.